ठिपके कातडीवर, खरा घोळ मूत्रपिंडात

रक्तवाहिन्या सुजण्याच्या आजारात (व्हॅस्क्युलायटिस) अँटिबॉडी, म्हणजे शरीराची संरक्षक प्रथिनं, थेट रक्तवाहिनीची भिंत खातात, असं काहींना वाटतं. या आजाराच्या अँका प्रकारात तसं होत नाही. अँका ही अँटिबॉडी आपल्याच न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींवरच्या पीआर३ किंवा एमपीओ या प्रथिनांना धरते. पेशी चेकाळतात, बारीक रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात आणि आपली विकरं (एन्झाइम) तिथंच ओततात. भिंत सुजते ती त्यानं.

आमच्या मामांच्या पोटऱ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके आले, बोटानं दाबले तरी न विरणारे. कपाशीवरची फवारणी बाधली म्हणून पंधरा दिवस खोबरेल चोळत बसलो, बाप्पा! तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी लघवी तपासली, तर रक्त आणि प्रथिनं दोन्ही. मूत्रपिंड सुजलेलं, अन् मामांचं दुखत काहीच नव्हतं. अँकासाठी रक्त मग नागपूरला गेलं.