अ‍ॅबिराटेरोन उपाशीपोटीच का घ्यायचे?

प्रश्न : माझ्या वडिलांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी अ‍ॅबिराटेरोनच्या २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज एकदम आणि सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले आहे. अ‍ॅबिराटेरोन पोह्यांनंतर घेतले तर चालेल का, आणि स्टेरॉइड नेमके कशासाठी?

उत्तर १ : पोह्यांनंतर मुळीच नको. तेलातुपाच्या जेवणासोबत हे औषध रक्तात दहापटीपर्यंत जास्त उतरू शकते. म्हणून गोळ्यांआधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नसते. माझे सासरे पहाटे पाचला पाण्यासोबत गोळ्या घेतात आणि सहानंतर चहा. पहिला आठवडा त्यांनी बरीच कुरकुर केली. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये.

उत्तर २ : स्टेरॉइडविषयी सांगतो. अ‍ॅबिराटेरोन हे वृषण, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द गाठीतही टेस्टोस्टेरॉन (या कर्करोगाला पोसणारे पुरुषी संप्रेरक) तयार होण्याची वाट अडवते. पण त्याच वाटेवर कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइडही घटते, आणि ती उणीव भरून काढण्याच्या धडपडीत शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारी संप्रेरके वाढतात. मग रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते, घोट्यांवर सूज येते. प्रेडनिसोलोन हे आवरते, त्यामुळे ते स्वतःहून बंद करू नका. यकृताची तपासणी पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी करतात, तीही चुकवू नका.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. उद्यापासून पहाटेचाच गजर लावतो.