टेनिसनचा 'युलिसीस': जिद्द की पळवाट?

खलाशीबुवा: वक्तृत्व स्पर्धांत इंग्रज कवी टेनिसनची ही कविता 'वय झालं तरी जिद्द सोडू नका' म्हणून ठोकली जाते. मला पटत नाही. ट्रॉयच्या युद्धाहून भटकत भटकत आपल्या इथाका बेटावर परतलेला म्हातारा ग्रीक राजा युलिसीस पुन्हा समुद्रावर निघतोय, एवढंच कथानक. पण पहिल्या पाच ओळी बघा. बायको म्हातारी, तिचं नावसुद्धा नाही. प्रजा रानटी: साठवते, झोपते, खाते, आणि 'मला ओळखत नाही'. खरं दुखणं या शेवटच्या तुकड्यात आहे. याला वानप्रस्थ म्हणू नका, तिथे हावही सुटते. हा फक्त गादी सोडतोय.

उपरणे: त्याच्या बायकोवर, पेनेलोपीवर, अन्याय झालाय, मान्य. पण कविता कधीची ते बघाल की नाही? सप्टेंबर १८३३ मध्ये टेनिसनचा जिवलग मित्र आर्थर हॅलम व्हिएन्नात वारला, ऑक्टोबरात ही लिहिली. कवी २४ वर्षांचा. हॅलम गेल्यावर पुढे चालत राहण्याची गरज यात आली, हे तो स्वतःच सांगून गेलाय. इथे राजधर्माची फूटपट्टी कशाला?

तिसरी घंटा: कवीचं दुःख खरं म्हणून राजा खरा ठरत नाही. ३३ ते ४३ ओळी वाचा. मुलाला, टेलेमॅकसला, राज्य देताना केलेली स्तुती कारकुनाच्या गोपनीय अहवालासारखी: सावध, निर्दोष, कर्तव्यात चोख. शिवाय ही मूळ कथा सांगणाऱ्या ग्रीक कवी होमरकडे त्याचे सगळे खलाशी वाटेतच मेलेत, मग ४५व्या ओळीत 'माझ्या खलाशांनो' ही हाक कुणाला? ती इटालियन कवी दान्तेकडून आली. त्याच्या नरकवर्णनाच्या काव्यात, 'इन्फर्नो'च्या २६व्या सर्गात, युलिसीस असंच भाषण देऊन म्हाताऱ्या सोबत्यांना हर्क्युलिसच्या खांबांपलीकडे, म्हणजे तेव्हाच्या ज्ञात जगाच्या सीमेपलीकडे, नेतो आणि पाच महिन्यांनी जहाज बुडतं. दान्तेने त्याला नरकाच्या आठव्या वर्तुळात, कपटी सल्लागारांत बसवलंय.

उपरणे: तरी १९ ते २१ ओळी उरतातच: अनुभवाची कमान, तिच्यातून दिसणारं न पाहिलेलं जग, आणि आपण सरकू तशी विरत जाणारी त्याची कड. समीक्षक मॅथ्यू आर्नोल्ड कुरकुरला होता की या तीन ओळींना होमरच्या 'इलियड' महाकाव्याच्या जवळजवळ अख्ख्या सर्गाएवढा वेळ लागतो. लागणारच!

खलाशीबुवा: म्हणून तर सांगतो, म्हणताना शेवट ओरडू नका. ३२व्या आणि ४३व्या ओळीनंतर थांबा, तिथे रोख बदलतो. शेवटच्या ओळीत दहा इंग्रजी शब्द, प्रत्येक एकाच उच्चारावयवाचा, म्हणून एकेक सुटा म्हणा. घाई केली की घोषणा होते. आणि शीड ४४व्या ओळीत फुगतं, पण ७०वी संपली तरी जहाज सुटल्याचं कुठे म्हटलंय?

उपरणे: 'ढकला, नीट बसा, वल्ही मारा' हा हुकूम ५८-५९ मध्ये आहे की.

तिसरी घंटा: हो, आणि त्यानंतर अजून अकरा ओळी भाषण.