माथा वीस मिनिटांवर असताना सगळ्यांनी मागे फिरायचं का?

ऊनसावली

एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारी आम्ही सात जण कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कला गेलो होतो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, सासूबाई (६५), सासरे (६९), दीर आणि त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा. तिथे जे झालं त्यावरून घरात अजून दोन तट आहेत, म्हणून इथे मांडते.

रायन माउंटनची वाट जाऊन-येऊन ३ मैलांची, पण चढ हजार फुटांहून थोडा जास्त. दगडी पायऱ्या नीट बांधलेल्या, वाट चुकायची भीती नाही. सावली मात्र नावालाही नाही. आठला पायथ्याशी पोहोचायचं ठरलं होतं. नाश्ता लांबला, मग पश्चिमेकडच्या प्रवेशद्वारावर गाड्यांची रांग. चालायला लागलो तेव्हा पावणेअकरा झाले होते.

पाऊण चढ झाल्यावर बाबा, म्हणजे सासरे, एका पायरीवर बसले. "जरा दम खातो" म्हणाले. मी बाटली दिली तर ती हातात धरून बसले, प्यायले नाहीत. लेकीने काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. एवढंच. पडले नाहीत, उलटी नाही, छातीत दुखलं नाही. पण त्या उशिरा आलेल्या उत्तराने माझ्या पोटात गोळा आला.

वरून उतरणारं एक जोडपं म्हणालं, माथा वीस मिनिटांवर आहे. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही बाबांना घेऊन उतरा, आम्ही दोघं वर जाऊन येतो." मी नाही म्हटलं. सगळे खाली, आत्ताच. नवऱ्याने माझी बाजू घेतली. पुतण्या त्यानंतर संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलला नाही. त्याने त्या माथ्यासाठी घरामागच्या टेकडीवर महिनाभर सराव केला होता.

माझं कारण हे. आठ लिटर पाणी घेऊन निघालो होतो, त्यातलं तीनेक लिटर उरलं होतं आणि जवळजवळ सगळं दिराच्या सॅकमध्ये. गाडी एक, किल्ली एक, तीही त्याच्याच खिशात. फोनला रेंज नाही. पाणी वाटून घेता आलं असतं, किल्ली मागून घेता आली असती, हे मलाही कळतं. पण एकदा पांगलो की वरच्यांना खालचं आणि खालच्यांना वरचं काही कळणार नाही. वाळवंटात घरची माणसं घेऊन गेलं की सगळ्यात थकलेल्याच्या पावलाने चालायचं आणि तो फिरला की सगळ्यांनी फिरायचं, असं माझं ठाम मत आहे. दिराच्या मते मी घाबरून सगळ्यांची सहल मोडली.

पायवाट

तुमची काळजी पटते, निर्णय पटत नाही.

रायन माउंटन ही काही निर्जन घळ नव्हे. एप्रिलच्या शनिवारी त्या वाटेवर दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी भेटतं. तुम्ही, तुमचे यजमान आणि सासूबाई असे तीन मोठे खाली यायला होतात. वर जाणारे दोघं धडधाकट. दीड लिटर त्यांना, दीड तुम्हाला, किल्ली तुमच्याकडे, आणि "साडेबारापर्यंत गाडीशी" एवढं बोलून घेतलं की झालं. घाबरगुंडीत पांगणं वेगळं आणि ठरवून वेगळं होणं वेगळं. तुम्ही दोन्हींना एकच नियम लावताय.

पंधरा वर्षांच्या मुलाचं मला फार वाटतं. या वयाची मुलं आईवडिलांबरोबर डोंगरात यायला तयार होतात हेच मोठं भाग्य. माथ्यावरून सॅन हसिंटो आणि सॅन गोर्गोनिओ ही बर्फाची शिखरं एकीकडे आणि खाली पसरलेलं जोशुआच्या झाडांचं रान दुसरीकडे, हे दृश्य त्याला आयुष्यभर पुरलं असतं. आता त्याच्या लक्षात काय राहणार? आजोबा बसले आणि मला उतरवलं. पुढच्या वेळी तो म्हणेल, तुम्ही जा, मी घरी थांबतो.

काळा_कातळ

@पायवाट, साडेबाराचा हिशोब पुन्हा करा. वर वीस मिनिटं, माथ्यावर पंधरा, उतरायला पाऊण तास. जवळजवळ दीड तास. त्या दीड तासात खाली बाबांची तब्येत बिघडली तर? दवाखाना पार्कच्या बाहेर, रेंज नाही, म्हणजे गाडी हलवावीच लागणार. मग बाप-लेक भर उन्हात रिकाम्या पार्किंगला उतरणार, उरलेलं पाणी संपवून. कुणी कुठे गेलं याचा पत्ता नाही. तुमच्या योजनेत सगळं सुरळीत गेलं तरच सगळं सुरळीत आहे.

पण ऊनसावली, माझं भांडण तुमच्याशीही आहे. चूक त्या पायरीवर झालीच नाही, ती पावणेअकराला पायथ्याशी झाली. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. तिथे घामाने शर्ट भिजतो, भिजलेला शर्टच सांगतो की बाबा रे, पाणी पी. गडावर एखादं टाकं असतं, पायथ्याच्या गावात कुणीतरी ताक नाहीतर लिंबू सरबत घेऊन बसलेलं असतं. ती सवय अंगात घेऊन आपण इथे येतो. जोशुआ ट्रीच्या आतल्या भागात पाण्याचा एक नळ नाही. जे काही आहे ते कडेच्या दोन-चार ठिकाणी. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि चालणार असाल तर त्याहून जास्त, असं पार्कवाले सांगतात. सात जणांत आठ लिटर घेऊन दुपारच्या तोंडावर उघड्या डोंगरावर चढायचं म्हणजे उशीर झाला हे मान्य न करणं.

उशीर झाला तर बेत बदलायचा. हिडन व्हॅलीचा मैलभराचा फेरा आहे, चारी बाजूंनी खडकांच्या भिंती, बसायला सावली मिळते. बार्कर डॅमही तेवढाच. चोया कॅक्टस गार्डन तर पाव मैल, सपाट. फक्त मुलांना त्या काट्यांपासून दूर ठेवा, ते नुसत्या स्पर्शाने चिकटतात. सॅकमध्ये एक कंगवा आणि चिमटा असू द्या. कीज व्ह्यूला गाडी थेट ५,१०० फुटांच्या वर जाते आणि तिथून सॅन अँड्रियास भ्रंशाची, म्हणजे जमिनीतल्या त्या प्रचंड भेगेची, रेघ दिसते. रायन दुसऱ्या दिवशी उजाडताना करता आला असता. ज्यांना करायचा त्यांनी.

रानजाई

मी इमर्जन्सी विभागात काम करते, म्हणून थोडं वेगळं सांगते. तुम्ही फिरलात ते बरोबर. "आत्ताच" फिरलात ते मला खटकलं.

कोरड्या हवेत घाम आल्या आल्या उडून जातो. अंग कोरडं लागतं, माणसाला वाटतं आपल्याला घाम येतच नाहीये. वय वाढलं की तहानेची जाणीवही कमी होते. त्यात बाबा रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील, आणि त्यातली एक लघवी वाढवणारी असेल, तर सकाळपासून शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही कमी होत आलेलं असतं. उत्तर उशिरा येणं ही बारीक गोष्ट नाही. उन्हाने नुसतं थकलेलं माणूस गळून जातं, पण शुद्धीवर नीट असतं. बोलण्यात गोंधळ दिसू लागला तर तो उष्माघाताकडे जाणारा रस्ता समजायचा. अशा माणसाला लगेच चालवायचं नसतं. उतार असला तरी चालणं म्हणजे स्नायूंची उष्णता.

आधी सावली करायची: दोन जणांनी ओढणी किंवा चादर धरली तरी चालते. मान, डोकं, काखा ओल्या करायच्या आणि वारा घालायचा. पाणी पिण्याइतकंच अंगावर ओतणं महत्त्वाचं. पूर्ण शुद्धीत असतील तर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पाजणंही वाईट, रक्तातलं मीठ आणखी उतरतं. अर्ध्या तासात तरतरी आली तर सावकाश उतरायचं. नाही आली, तर मदत बोलवायची; बोलण्यात गोंधळ दिसला तर अर्धा तासही न थांबता, लगेच.

म्हणूनच पांगायला माझा विरोध आहे, पण किल्लीसाठी नाही. बाबांना उचलायची वेळ आली असती तर तुमच्यात उचलू शकणारे दोनच पुरुष होते. त्यातला एक माथ्यावर गेला असता.

पायवाट

@रानजाई, हे मला सुचलं नव्हतं, मान्य. पण मग तुमच्याच म्हणण्यानुसार अर्धा तास तिथे थांबायचंच होतं. त्या अर्ध्या तासात पुतण्या एखाद्या अनुभवी मोठ्या माणसाबरोबर वर जाऊन त्याच पायरीवर परत आला असता. मी म्हणतोय ते हेच की "सगळे फिरा" हा नियम विचार थांबवतो.

आणि रेंज नाही हे आता पूर्ण खरं नाही. आयफोन १४ पासून पुढच्या फोनवरून उपग्रहामार्फत मदत मागता येते, मोकळं आकाश दिसलं की झालं, आणि त्या डोंगरावर आकाशाशिवाय आहे काय! शिवाय हिडन व्हॅलीजवळ इंटरसेक्शन रॉकच्या पार्किंगला आणीबाणीचा फोन आहे, रायनच्या पायथ्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर.

काळा_कातळ

उपग्रहाने मदत मागता येते, मदत यायला तास लागतात. पाणी उपग्रहातून येत नाही.

निवृत्त_पाऊल

मी ७२ वर्षांचा आहे. मुलीकडे जातो तेव्हा तिच्याबरोबर अशा पार्कांत चालतो. वरचं सगळं दोनदा वाचलं. पाण्याचा हिशोब आहे, किल्लीचा आहे, नातवाच्या मनाचा आहे. ज्यांच्यावरून हे सगळं चाललंय त्यांना त्या पायरीवर कुणी विचारलं का, की तुम्हाला काय वाटतंय? कुठे नेऊ, कसं उतरवू, कोण उचलेल, असं बोलणं चाललंय. सामान आहे का ते?

आमच्या वयाला एक गोष्ट फार बोचते. आपल्यामुळे दुसऱ्यांचं राहिलं ही. त्या भीतीने माणूस त्रास लपवतो. मीही लपवला आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये ब्राइट एंजल वाटेने मुलगी-जावयाबरोबर उतरत होतो, गुडघा बोलायला लागला होता, गप्प राहिलो. तिथे उतरण आधी आणि चढ नंतर. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वर यायला धरावा, असं तिथे सांगतात. मला तिपटीहून जास्त लागला. रात्री मुलगी रडली. गुडघ्यासाठी नाही, मी सांगितलं नाही म्हणून.

सगळ्यांनी फिरायचं असा नियम केलात तर तुमचे सासरे पुढच्या वेळी बसणारच नाहीत. चालत राहतील. तो धोका मला जास्त मोठा वाटतो. ज्याला ठाऊक आहे की मी थांबलो तरी बाकीचे जातील, तो वेळेवर थांबतो.

ऊनसावली

काका, तुमचा प्रतिसाद सकाळी वाचला आणि बाबांना वाचून दाखवला. मी त्यांना खरंच विचारलं नव्हतं. सासूबाईंना विचारलं, नवऱ्याला विचारलं, त्यांच्याकडे पाहून "उठा" एवढंच म्हटलं.

आज ते म्हणाले की पहिल्या वळणापासूनच डोकं हलकं वाटत होतं. लेक पुढे उड्या मारत होती, मोठा नातू मागे वळून "आजोबा, येताय ना?" विचारत होता, म्हणून बोलले नाहीत. रानजाई, गोळीचा तुमचा अंदाज बरोबर निघाला; लघवी वाढवणारीच आहे, आणि वाटेत सारखं थांबावं लागू नये म्हणून त्या दिवशी ते सकाळपासून पाणीही मोजून पीत होते. हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. खाली गाडीच्या सावलीत मीठ-साखर-लिंबू घेतल्यावर तासाभरात ते पूर्वीसारखे बोलायला लागले. पण तुम्ही सांगितलेलं काही मी वर केलं नव्हतं. माझ्या गळ्यात ओढणी होती, ती ओली करायचंही सुचलं नाही.

तरीही त्या क्षणी जे समोर होतं त्यावर मी पुन्हा तेच करेन, म्हणजे कुणालाच वर जाऊ देणार नाही. उत्तर उशिरा देणाऱ्या माणसाच्या शेजारी मला दोन मजबूत हात हवेत. पण काकांचं म्हणणं मी झटकू शकत नाही. आधीच, पायथ्याशी, सगळ्यांदेखत ठरवायला हवं होतं की कोण कुठवर येणार. बाबा पहिल्या वळणावर थांबले असते, सासूबाई त्यांच्याजवळ, दोघांकडे स्वतःचं पाणी. ते पांगणं मला चाललं असतं. पाऊण डोंगर चढून गेल्यावर, एक माणूस आजारी असताना, नाही.

पायवाट

मग आपल्यात फारसं अंतर उरलं नाही, फक्त त्या एका पायरीचं आहे, आणि त्या पायरीवर मी अजूनही मुलाला कुणाच्या तरी सोबतीने वर पाठवलं असतं. पुतण्याला ही गोळीची गोष्ट सांगितलीत का?

ऊनसावली

काल सांगितली, बाबांनी स्वतः फोन करून. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मी विचारत होतो तेव्हा खरं सांगायचं ना, मी पण तुमच्याबरोबर बसलो असतो. नोव्हेंबरमध्ये दीर आणि तो पुन्हा जाणार आहेत, उजाडताना चढायला लागायचं म्हणतात. बाबांनाही यायचंय. डोंगर नको, हिडन व्हॅलीचा फेरा करीन आणि रात्री आकाश बघीन म्हणाले. २०१७ पासून ते पार्क काळोख्या आकाशासाठी मान्यता मिळालेलं आहे हे त्यांना नातवाकडूनच कळलं.

पायवाट

भाड्याची गाडी घेणार असाल तर या वेळी दोन घ्या. दोन गाड्या, दोन किल्ल्या, दोन्हींत पाणी.