'रिक्रिएशन ग्राउंड'ला काय म्हणायचं? आणि 'तलावपाळी' छापायला काय हरकत आहे?

नौपाडाकर:
सोसायटीच्या स्मरणिकेत ठाण्यातल्या बागा-मैदानांच्या इतिहासावर लेख आहे, तो इंग्रजीतून मराठीत करतोय. 'रिक्रिएशन ग्राउंड'पाशी अडलोय. सरकारी कागदात 'मनोरंजन मैदान' असतं, पण ते वाचून आकाशपाळणे डोळ्यासमोर येतात हो, आमच्याकडे तिथे दोन बाकडी आणि बदामाची झाडं आहेत, सगळे नुसतं 'आरजी' (रिक्रिएशन ग्राउंडची आद्याक्षरं) म्हणतात. आणि 'मासुंदा लेकफ्रंट'चं, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठाचं, मी 'तलावपाळी' केलं तर समितीतल्या एक काकू म्हणाल्या 'पाळी' छापील मजकुरात बरं दिसत नाही, 'तलावकाठ' करा. मला ते अजिबात पटलेलं नाही.

सानपाडा_सेक्टर५:
क्रीडांगण लिहा की.

नौपाडाकर:
क्रीडांगण म्हणजे प्लेग्राउंड, शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेचं वेगळं आरक्षण असतं.

जुन्नरची_माहेरवाशीण:
काकूंना सांगा, पाळ म्हणजे बांध, कड. आमच्याकडे विहिरीची पाळ, तळ्याची पाळ असंच म्हणतात. पाळीवर बसलो की आजी ओरडायची. लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हा या गावात ओळखीचा वाटलेला पहिला शब्द तलावपाळी, तो कृपया काढू नका.

उपवन_फेरी:
मी ऐकलंय की पूर्वी लोक पाळीपाळीने पाणी भरायचे त्यावरून तलावपाळी नाव पडलं.

संस्कृतप्रेमी:
नाही, संस्कृत 'पालि'. कड, बांध, रांग आणि कानाची पाळी, सगळे अर्थ त्यातच आहेत. कानाची पाळी छापताना कोणाला संकोच वाटतो का? मात्र लेखात पार्क, गार्डन अजिबात नको, सगळीकडे 'उद्यान' करा. उद् + या, म्हणजे बाहेर पडणं, घराबाहेर फिरायला जायची जागा, इतका नेमका शब्द असताना उसनवारी कशाला?

दादरहून_ठाण्यात:
शिवाजी पार्कला शिवाजी उद्यान म्हणणारा मला आजवर भेटला नाही. १९२५ साली ते माहीम पार्क होतं, १९२७ मध्ये नाव बदललं, पार्क तसंच राहिलं. आणि राणीची बाग? १८६२ चं व्हिक्टोरिया गार्डन्स, लोकांनीच त्याची राणीची बाग केली, आता अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे तरी पोरांना आपण राणीच्या बागेतच नेतो. बाग शब्द तर फारसी, हिंदीत तो बाग, आपण त्याची ती बाग केली. वापरून वापरून आपला झालेला शब्द उसना कसा?

संस्कृतप्रेमी:
बागेला माझा विरोध नाहीच. 'गार्डन'ला आहे. नव्या मुंबईत तर पाट्यांवरही रॉक गार्डन, वंडर्स पार्क.

सानपाडा_सेक्टर५:
आणि वाशीचं सागर विहार? विहार किती छान शब्द आहे, फिरणं आणि रमणं दोन्ही आलं. 'विहार मैदान' चालेल का आरजीला?

उपवन_फेरी:
विहार म्हटलं की लोकांना बुद्धविहार वाटेल किंवा सोसायटीचं नाव. 'मोकळी जागा' लिहा, सरळ.

नौपाडाकर:
मोकळ्या जागेत पार्किंगही येतं, हाच तर आमच्याकडचा वाद आहे. असो, तलावपाळी ठेवतोय हे नक्की, काकूंशी आजच बोलतो.

जुन्नरची_माहेरवाशीण:
खूप बरं वाटलं. एक विचारू, तुम्ही जुने ठाणेकर 'तलावपाळीवर' म्हणता की 'तलावपाळीला'? गडकरी रंगायतनचं नाटक सुटलं की सासरे म्हणायचे 'पाळीला एक चक्कर मारून येऊ', आणि मी अजून 'पाळीवर'च म्हणते.

दादरहून_ठाण्यात:
आमच्या शेजारचे आजोबा 'पाळीला' म्हणतात, त्यांची नातवंडं 'तलावपालीवर', ळ सुद्धा गेला.