वीज गेली म्हणून मेल हरवत नाही, खापर भलतीकडे फुटतंय

सुरंगी
परवा या फोरमवर एकाने लिहिलं की कोकणात पावसाळ्यात आठ-दहा तास वीज नसते, तेवढ्या वेळात आलेले मेल कायमचे जातात, म्हणून होमस्टेवाल्यांनी आणि आंबा बागायतदारांनी स्वतःच्या मेल सर्व्हरच्या (मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या घरच्या मशीनच्या) नादी लागू नये, दरमहा पैसे भरून तयार सेवा घ्यावी. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या.

तयार सेवा घ्यायची तर जरूर घ्या. पण दिलेलं कारण साफ चुकीचं आहे. समोरचं मशीन कधीही बंद असू शकतं हे धरूनच एसएमटीपी, म्हणजे मेल पोचवण्याचा नियमसंच, रचलाय, १९८२ पासून. समोरून २५० (म्हणजे 'मेल मिळाला') हे उत्तर मिळेपर्यंत मेल पाठवणाऱ्याच्या रांगेतच राहतो. पाठवणाऱ्याकडे पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगवर असेल तर पहिला पुनर्प्रयत्न पाचेक मिनिटांनी होतो, मग अंतर वाढत वाढत जास्तीत जास्त ४००० सेकंदांवर जातं, आणि हे पाच दिवस चालतं. मानकातही चार-पाच दिवस तरी प्रयत्न करा असंच आहे. रात्री दोनला गेलेली वीज सकाळी अकराला आली, तर मधले मेल बहुतेक करून दुपारच्या जेवणापर्यंत पेटीत पडतात.

मेल खरा जातो तो वीज आल्यावर. राउटर चालू होतो, त्याच्या डीएचसीपीतून (आपोआप पत्ते वाटणारी सोय) सर्व्हरला ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर (नावावरून आयपी शोधून देणारा) मिळतो, तुमचा स्थानिक रिझॉल्व्हर बाजूला पडतो. पोस्टफिक्समध्ये स्पॅमहाउस या संस्थेची झेन ही अडवायच्या आयपींची यादी नुसतं नाव टाकून लावलेली असते. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारलं की स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. त्याचा अर्थ एवढाच की या वाटेने विचारू नका. पण पोस्टफिक्सच्या लेखी कुठलंही उत्तर आलं म्हणजे पाठवणारा यादीत आहे. मग येणाऱ्या प्रत्येक मेलला ५५४. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे नंतर या, पाचने सुरू होणारा म्हणजे येऊच नका, आणि पाठवणाऱ्याची रांग तिथेच संपते. लॉगमध्ये 'ब्लॉक्ड यूजिंग झेन' अशा ओळींची रीघ लागते आणि बघणाऱ्याला वाटतं, स्पॅम छान अडतोय.

यावर इलाज: मशीनवरच अनबाउंड हा रिझॉल्व्हर चालवा, रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (रिझॉल्व्हरचा पत्ता असलेली फाइल) १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन, ठेवा आणि डीएचसीपीला ती फाइल बदलू देऊ नका. यादीच्या नावापुढे =१२७.०.०.[२..११] जोडा, म्हणजे बाकीची उत्तरं मोजलीच जात नाहीत. डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) पोस्टफिक्स आपल्या बंदिस्त फोल्डरातली रिझॉल्व्ह.कॉन्फची प्रत वाचतो, म्हणून फाइल दुरुस्त केल्यावर तो रीस्टार्ट करावाच लागतो. नवीन सर्व्हरवर पहिले पंधरा दिवस सॉफ्ट_बाउन्स = येस ठेवा. पाचचे चार होतात, सेटिंग चुकलं तरी मेल फिरून येतो.

जांभा
ती पोस्ट माझीच. येणाऱ्या मेलचं तुम्ही सांगताय ते मान्य. पण होमस्टेवाल्याचं पोट जाणाऱ्या मेलवर आहे. पाहुण्याला बुकिंगची खात्री गेली नाही तर तो दुसरीकडे खोली बघतो. तुमच्या घरच्या फायबरवरून काय होतं ते सांगा ना. पोर्ट २५ (मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात तो दरवाजा) बाहेर जायला बंद. आयपी सीजीनॅटच्या मागे, म्हणजे एकच आयपी अनेक घरांत वाटलेला. घरगुती आयपींची अख्खी माळ स्पॅमहाउसच्या पीबीएलमध्ये (जिथून थेट मेल येऊ नये अशा आयपींची यादी). पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या हातात नाही, म्हणजे जीमेलकडून ५५०-५.७.२५ असा नकार. फेब्रुवारी २०२४ पासून तर जीमेल आणि याहू अगदी लहान पाठवणाऱ्याकडूनही एसपीएफ (डोमेनचा मेल कुठल्या आयपींवरून येऊ शकतो त्याची नोंद) किंवा डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि नीट पीटीआर मागतात, आणि दिवसाला ५००० च्या वर गेलात तर जीमेल डीमार्कसुद्धा (तपासात आपटलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). हे सगळं आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या माणसाने कधी करायचं? एप्रिल-मे मध्ये त्याला जेवायला फुरसत नसते.

सुरंगी
जाणारा मेल घरच्या आयपीवरून पाठवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. रिलेहोस्ट लावा, म्हणजे मेल दुसऱ्या सेवेच्या सर्व्हरमार्फत पाठवा: पोर्ट ५८७, नाव-पासवर्ड, टीएलएस (कूटबद्ध जोडणी) सक्तीचं. कुठल्याही रिले सेवेचं एक खातं पुरतं. यात लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, रिलेवाल्याने दिलेली एसपीएफ ओळ वेगळी नोंद म्हणून टाकतात. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी झाल्या की पर्मएरर, दोन्ही निकामी. जुन्या ओळीतच रिलेवाल्याचं इन्क्लूड घाला आणि एकूण डीएनएस (डोमेनच्या नोंदवहीतले) शोध दहाच्या आत ठेवा. दुसरं, २०४८ बिटांची डीकिम किल्ली एका अवतरणात मावत नाही, २५५ अक्षरांवर तोडून दोन तुकड्यांत द्यावी लागते. काही डोमेनवाल्यांच्या पॅनेलमध्ये पुढचा भाग गुपचूप कापला जातो. पेस्ट करून निघून जाऊ नका, डिग ही डीएनएस विचारणारी आज्ञा मारून पूर्ण किल्ली परत येते का ते बघा.

जांभा
आणि सीजीनॅट? बाहेरून पोर्ट २५ आत येणार कुठून? म्हणजे व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घ्या, त्यावरून वायरगार्डचा बोगदा (खासगी जोडणी) घरी आणा. तेही सांगतो कसं फसतं. व्हीपीएसवर मास्करेड (येणाऱ्याचा आयपी झाकून स्वतःचा दाखवणं) लावतात, मग पोस्टफिक्सला जगातला प्रत्येक जण १०.०.०.१ वरून आलेला दिसतो. आणि तीच माळ मायनेटवर्क्समध्ये (पोस्टफिक्सने विश्वास ठेवायच्या आयपींची यादी) असते. झाला ओपन रिले, कुणीही यावं आणि त्यावरून मेल पाठवावा. पहाटेपर्यंत रांगेत हजारो मेल आणि रिलेवाल्याने खातं बंद केलेलं. एवढा द्राविडी प्राणायाम करून व्हीपीएस घ्यायचाच, तर सर्व्हर तिथेच का ठेवू नये?

सुरंगी
मास्करेड लावायचंच नाही. व्हीपीएसवर एचएप्रॉक्सी (जोडणी पुढे देणारा प्रोग्राम) ठेवून पोस्टस्क्रीनला (पोस्टफिक्सचा दारवान) प्रॉक्सी प्रोटोकॉल समजावायचा, खरा आयपी आत येतो. मायनेटवर्क्समध्ये फक्त १२७.०.०.०/८. पण तुमचा शेवटचा प्रश्न खरा आहे. सीजीनॅट असेल आणि स्थिर आयपी मिळत नसेल तर घरी सर्व्हर ठेवण्यात अर्थ नाही. एवढं मी सोडते.

दर्यावर्दी
तुम्ही दोघेही साधा मार्ग विसरलात. प्राधान्य २० चा दुसरा एमएक्स (डोमेनचा मेल घेणारा सर्व्हर; लहान आकड्याचा आधी) लावा. घरची वीज गेली की मेल तिकडे जमतो, आली की इकडे येतो. भांडण मिटलं.

सुरंगी
कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका! दुसऱ्या एमएक्सला पेट्यांची यादी माहीत नसते, तो काहीही स्वीकारतो. स्पॅमवाले मुद्दाम मोठ्या आकड्याचा एमएक्स गाठतात, कारण तिथली राखण कच्ची असते. मग तो कचरा मुख्य सर्व्हरकडे येतो, मुख्य नाकारतो, आणि दुसरा एमएक्स खोट्या पत्त्यांवर बाउन्स (मेल पोचला नाही अशा सूचना) पाठवत बसतो. त्याचा आयपी काळ्या यादीत जाणारच. शिवाय त्याच्याकडून आलेला मेल एसपीएफ तपासात आपटतो, कारण जोडणी त्याच्या आयपीवरून आलेली. पाच दिवस पाठवणाराच थांबतो, मग मध्ये हा माणूस हवा कशाला?

दर्यावर्दी
पाच दिवस म्हणता? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत पाच दिवसांत वीज आली नव्हती. खांबच आडवे झालेले. तुमचं गणित रोजच्या पावसाचं आहे, वादळाचं नाही. आणि पेट्यांची यादी नसते तर द्या की. रिले_रेसिपियंट_मॅप्समध्ये सगळे पत्ते घाला, नसलेल्या पत्त्याला दुसरा एमएक्ससुद्धा दारातच ५५० देतो. मुख्य सर्व्हरवर त्या एका आयपीला एसपीएफ तपासातून वगळा आणि तपास दुसऱ्या एमएक्सवरच करा. त्याच्यावर मॅक्सिमल_क्यू_लाइफटाइम (मेल रांगेत ठेवायची मुदत) ३० दिवस ठेवा. वीज आल्यावर पोस्टक्यू -एफ मारून रांग लगेच सोडा.

सुरंगी
असा लावला तर चालेल. पण दोन्हीकडे यादी आणि गाळण्या तंतोतंत सारख्या ठेवाव्या लागतात आणि सहा महिन्यांनी ते कोणी करत नाही. नवी पेटी एकीकडे उघडली आणि दुसरीकडे राहिली, की वीज नसताना त्याच पत्त्याला ५५०. वादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते. तेवढ्या वेळात एमएक्स नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा) ३०० सेकंदांवर आणून मेल तात्पुरता दुसरीकडे वळवणं जास्त शहाणपणाचं.

दर्यावर्दी
वादळाच्या आदल्या दिवशी माणूस कौलं बांधेल, गुरं आत घेईल, की टीटीएल बदलेल?

खडपा
वायच थांबा. एमएक्सवर एवढं रान उठवलंत, विजेबद्दल कोणी बोलतच नाही. शीर्षक म्हणतं वीज गेली म्हणून मेल हरवत नाही. हरवतो. पोस्टफिक्स २५० म्हणण्याआधी फाइल डिस्कवर उतरवतो, बरोबर. पण स्वस्तातला एसएसडी किंवा एसडी कार्ड आपल्या कॅशमध्ये (तात्पुरत्या स्मृतीत) घेऊन 'उतरलं' म्हणून सांगतं. त्या क्षणी वीज गेली की पाठवणाऱ्याने मेल रांगेतून काढलेला, आणि तुमच्याकडे शून्य बाइटची फाइल. असा मेल कुणीच परत पाठवत नाही.

घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदलताना मशीन रीस्टार्ट होतं. मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. हिशेब ढोबळ: १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी, अर्धी वापरायची म्हणजे ९०० वॅट-तास. छोटं मशीन, राउटर, ओएनटी (फायबरचा डबा) मिळून २५ वॅट, इन्व्हर्टर स्वतः १५ खातो. वीस-बावीस तास निघतात, पंखे त्याच लाइनवर नसतील तर.

आणि अर्थिंग. जांभ्या दगडाच्या जमिनीत मे महिन्यात ओल राहत नाही, मातीचा रोध वाढतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. काच वीज वाहत नाही म्हणून फायबरवाले निर्धास्त असतात, पण खांबावरून येणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये बऱ्याचदा पोलादी तार असते. ती भिंतीच्या बाहेरच कापून अडकवा, आत फक्त काच येऊ द्या. अर्थिंगच्या खड्ड्यात पाडव्यानंतर दर आठवड्याला दोन बादल्या पाणी.

जांभा
हेच मी म्हणत होतो. यादीत आता बॅटरी, खड्डा आणि पाण्याच्या बादल्याही आल्या.

सुरंगी
खडपा, कॅशचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. शीर्षक तेवढ्यापुरतं चुकलं. पॉवर-लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तरी कॅशमधलं उतरवून घेण्याची सोय) असलेला जुना सर्व्हर एसएसडी घेतला तर हा धोका जातो, पण एसडी कार्डावर मेल ठेवू नका हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

खडपा
नुसतं लिहू नका, करून बघायला सांगा. दुसऱ्या मशीनवरून पाचशे चाचणी मेल सोडा, प्रत्येकाच्या विषयात क्रमांक घाला. मध्येच सर्व्हरची पिन काढा. परत चालू करून रांग रिकामी होईपर्यंत थांबा, मग पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये 'सेंट' झालेले क्रमांक आणि पेटीतले क्रमांक ताडून बघा. दहा वेळा करा. एकही क्रमांक कमी आला तर ती डिस्क बदला.

जांभा
दहाही वेळा पाचशेच्या पाचशे आले तर माझ्या पोस्टमधली विजेची ओळ काढतो. सीजीनॅटची तशीच राहील.