‘खिलाफतीचे छावे’ मराठीत चालेल का?

अनुवादिका: ईशान्य सीरियातील ‘अल-होल’ आणि ‘रोज’ या छावण्यांत अडकलेल्या परदेशी मुलांवरचा एक लेख मी अनुवादित करीत आहे. ‘इस्लामिक स्टेट’ आपल्या बालसैनिकांना ‘अशबाल अल-खिलाफा’ म्हणवीत असे, आणि पुढे कित्येक बातम्यांनी हेच नाव छावणीतल्या मुलांनाही चिकटवले. ‘अशबाल’चे एकवचन ‘शिब्ल’, म्हणजे सिंहाचे पिल्लू, म्हणून मी ‘छावे’ लिहिले. संपादकांनी ते खोडले.

मुद्रितशोधक: योग्यच केले. ‘सिंहाचा छावा’ ही आपल्याकडे शाबासकी आहे. मार्च २०१९ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’चे शेवटचे ठाणे बागूझ पडल्यावर अल-होलमध्ये सत्तर हजारांहून अधिक माणसे कोंबली गेली आणि त्यांत निम्म्याहून जास्त मुले होती. पाण्याचा डबा दोन्ही हातांनी ओढत तंबूकडे नेणाऱ्या चार वर्षांच्या पोरीला छावा म्हणू नये, ‘टाइम बॉम्ब’ तर नाहीच. सरळ ‘अतिरेक्यांची मुले’ लिहावे.

व्युत्पत्तिप्रेमी: छावा हा ‘शावक’पासून आला, मुळात अर्थ केवळ पिल्लू. रूढीपुढे मूळ अर्थाचा बळी का द्यावा?

निवृत्त शिक्षिका: मला ‘अतिरेक्यांची’ ही षष्ठीच खुपते. माझ्या वर्गात एका मुलाला सारे गाव ‘दरोडेखोराचा’ एवढ्याच नावाने हाक मारी. हजेरीत मी त्याचे नाव पुकारले की तो क्षणभर गोंधळे, कारण ते नाव त्याच्या कानांना सवयीचे राहिले नव्हते. बातमी त्या मुलांना रोज अशीच हाक मारते.

अनुवादिका: आपले म्हणणे पटते. पण पुढे ‘मायदेशी परत आणणे’ येते, तिथेही अडते. १४ सप्टेंबर २०२२ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फ्रान्सविरुद्ध निकाल दिला, तो सीरियात गेलेल्या दोन मुलींना आणि नातवंडांना परत आणावे, या त्यांच्या आईवडिलांच्या अर्जांवर. नातवंडे सीरियातच जन्मली. जे कधी तिथून निघालेच नाही, ते मूल ‘परत’ कसे येईल?

निवृत्त शिक्षिका: मग ‘आजोळी आणणे’ लिहा ना, बाई. आजी-आजोबाच तर बोलावीत आहेत.

मुद्रितशोधक: या खटल्यापुरते ठीक, वडिलांचे आईवडील बोलावीत असतील तेव्हा ‘आजोळ’ चुकेल. शिवाय आणणारे सरकार असते.

व्युत्पत्तिप्रेमी: कझाकस्तानने २०१९ मध्ये आपल्या बायकामुलांना विमानांनी आणले, त्या मोहिमेचे नाव ‘जुसान’ होते. जुसान ही तिथल्या गवताळ माळावरची उग्र वासाची वनस्पती, आपल्या दवण्याच्याच कुळातली. तिच्या वासाने कझाक माणसाला घर आठवते. तरीही ‘छावा’ खोडणे मला मान्य नाही.