‘एक्ससेट बी ऑफ मारा आणि गप बसा’ हा काय सल्ला झाला?

टकटक_टंकक: काल एकाने लिहिलं की लिनक्सवर टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) बीप बंद होत नाही. त्यावर एका जाणकारांचं उत्तर: ‘बग नोंदवून कुणाचं भलं झालंय? एक्ससेट बी ऑफ मारा आणि गप बसा.’ अहो, एक्ससेट ही पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या ‘एक्स’ यंत्रणेची कमांड, आणि तो माणूस तिच्या जागी आलेल्या वेलँडवर आहे! एक्ससेट बोलणार एक्सवेलँडशी, म्हणजे एक्सचे प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या दुभाष्याशी. कमांड निमूट चालते, एरर नाही, सेटिंग दाखवणारा एक्ससेट क्यू तर ऐटीत बेल ० टक्के दाखवतो. आणि रिकाम्या ओळीवर बॅकस्पेस दाबला की टुंग! सेटिंग्जमधलं बटणही ‘बंद’च आहे म्हणे. मग हा बग नाही तर काय?

जुनं_खोड: ते जाणकार मीच. नोंदवा की, कोण अडवतंय? मी नोंदवला होता एकदा. आधी ‘आवृत्ती सांगा’, मग ‘नव्या आवृत्तीत बघा’, मग शुकशुकाट, शेवटी बॉटने येऊन टाळं लावलं. मी पीसीस्पीकरचं मॉड्यूलच (ड्रायव्हर) ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे लोडच होऊ दिलं नाही. कटकट मिटली.

रात्रपाळी: खोडसाहेब, ते मदरबोर्डच्या स्पीकरचं मॉड्यूल. यांची टुंग हेडफोनमधून येतेय, म्हणजे साउंड थीमची (डेस्कटॉपच्या आवाजसंचातली) फाइल वाजतेय. आजार एक, औषध भलतंच. बाकी सगळ्या पापाचं मूळ पल्सऑडिओ, तो सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज सांभाळणारा मधला कारभारी! २००८ मध्ये उबुंटूत घुसवला आणि माझं नाट्यसंगीत तुटक वाजायला लागलं.

टकटक_टंकक: पल्सऑडिओचा इथे काय संबंध?

वायरमन: रात्रपाळी, २००८ सोडा आता. फेडोरा ३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, तिथे पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आहे. आणि पल्सऑडिओमुळेच गाणं चालू असताना स्पीकरवरून हेडफोनवर नेता आलं. नुसत्या अल्सावर, म्हणजे लिनक्सच्या खालच्या साउंड ड्रायव्हरांवर, करून दाखवा.

रात्रपाळी: मला कुठेही न्यायचं नव्हतं. आहे तिथे नीट वाजायला हवं होतं. अल्साच्या डीमिक्सवर (अनेक आवाज एकत्र मिसळणाऱ्या सोयीवर) वाजत होतंच.

वायरमन: डीमिक्सची एएसाउंडआरसी ही सेटिंगची फाइल लिहिताना घाम फुटायचा, ते विसरलात वाटतं!

रात्रपाळी: एकदाच लिहायची होती. तुमच्यासारखं दर अपग्रेडला रडायचं नव्हतं.

टकटक_टंकक: भांडा निवांत. मी नवा युजर बनवून पाहिलं: एक्सच्या सेशनमध्ये बटण ऐकतं, वेलँडमध्ये ऐकत नाही. टर्मिनल तेच, थीम तीच. एवढं लिहून रिपोर्ट टाकलाय. ‘आवाज नीट नाही’ एवढंच लिहिलं तर ते आवृत्ती विचारणारच ना, खोडसाहेब?

जुनं_खोड: टोमणा पोचला. बरं, द्या लिंक. ‘मलाही होतंय’ एवढंच लिहीन. पुढे आवृत्ती विचारली तर उत्तर तुम्ही द्यायचं.